तिसऱ्या पानावरचा अनुस्वार

सोमवार, ४ मार्च. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. प्रिंटरमध्ये कागद अडकला आहे. मालक म्हणाले, यंत्र थंड होऊ दे, मग हात घाल. तेवढ्या वेळात हे लिहितो.

ती. ताईस,

नमस्कार. तुझे निवेदन टाइप करून झाले. सोबत दोन प्रती आहेत. तुझ्या एका पानाचे माझे एक पान असे ठेवले आहे, म्हणजे सहाला सहा. समास डावीकडे दीड इंच सोडला आहे, कारण चौकशी समिती कागद दोऱ्याने शिवते असे शेजारचा शिक्केवाला म्हणाला.

शुद्धलेखन मी दोनदा तपासले. तू बोलतेस तसे लिहिले होतेस, ‘केलं’, ‘गेलं’, ‘झालं’. सरकारी कागदात ‘केले’, ‘गेले’ बरे दिसते म्हणून तसे केले. पहिल्याच ओळीत ‘मी स्टुडिओत पाहुण्यांच्या कॉलरला माईक लावते’ असे होते, तिथे ‘मी ध्वनिमुद्रण विभागात कामाला आहे’ असे केले. सर्वनामे एकसारखी केली. बाकी मजकूर तुझाच.

मजकुराबद्दल मी काही लिहीत नाही. साहेबांचा रेडिओवरचा सकाळचा कार्यक्रम आपल्याकडे आई रोज लावते हे तुला माहीत आहे. त्यांचे नाव एकोणीस वेळा टाइप करावे लागले. पाचवे पान टाइप करताना मी पडदा ओढून घेतला होता. मालकांना वाटले ऊन लागते आहे.

तुझे हाताने लिहिलेले कागद परत हवेत का? दुकानाच्या नियमाप्रमाणे तीन महिने आम्ही ठेवतो.

पैशांचे लिहायला संकोच वाटतो, पण मालकांनी पावती फाडायला लावली. टाइपिंग पानी दहा, शुद्धलेखन तपासणी पानी तीन.

तुझा,
वेलांटी


९ मार्च

प्रिय वेलांटी,

पोचलं. पैसे पाठवलेत. सख्ख्या मावसबहिणीकडून स्पेलिंगचे पानी तीन घेणारा तूच. नववीत शाळा सुटली तरी मास्तरकी सुटली नाही तुझी. तुला हे नाव मी ठेवलं तेव्हा तू आठ वर्षांचा होतास आणि माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर लाल पेन्सिल चालवून मला परत दिलं होतंस, आठवतं?

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोन समितीकडे जमा आहे, मेसेज बघायला. दुसरा घेऊ नका, घेतलात तर त्यावर या विषयाचं बोलू नका, असं वकीलबाईंनी सांगितलंय. जे बोलायचं ते तारीख घालून लिहा म्हणाल्या. मी म्हटलं, तारीख घालून लिहिणारा एक आहे आमच्याकडे. वेळसुद्धा घालतो.

खरं सांगायचं तर टाइप केलेलं मी वाचलं नाही. लिहिताना एकदा झालं तेवढं पुरे. वकीलबाईंच्या टेबलावर शेवटचं पान उघडलं, सही केली आणि बाहेर येऊन चहा घेतला. त्यांनी विचारलं, नीट बघितलंत ना? मी म्हटलं, माझ्या भावाच्या हातचं आहे, त्यात चूक निघायची नाही.

ते हाताने लिहिलेले कागद मला नकोत. घरात तर नकोतच. ठेव नाहीतर फाड.

सुट्टीवर आहे. पगार चालू आहे असं म्हणतात, बघू. घरमालकीणबाई रोज विचारतात, आज पण कामाला नाही का? मी म्हणते, कान दुखतोय. ध्वनिमुद्रणवालीचा कान दुखतोय म्हटल्यावर पुढे कुणी विचारत नाही.

मावशी काय म्हणते? खरं लिही.

ताई


गुरुवार, १४ मार्च. दुपारी एक पस्तीस. डबा खाऊन झाला, हात धुतले आहेत.

ती. ताईस,

नमस्कार. तू खरे लिही म्हणालीस म्हणून लिहितो.

परवा पेपरात बातमी आली. तुझे नाव नव्हते, ‘एका महिला कर्मचाऱ्याने’ एवढेच होते. आईला मी सांगितले की ती कर्मचारी म्हणजे तू. ती भाजी चिरत होती, चिरतच राहिली. मग म्हणाली, “त्यांचा आवाज मी बावीस वर्षे ऐकते आहे. आवाजावरून माणूस कळतो.” मी विचारले, आवाजावरून काय कळते? “तुला नाही कळायचे. तू वाचतोस, ऐकत नाहीस.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण तीही खोटे बोलणारी नव्हे.” या दोन वाक्यांचे काय करायचे हे तिलाही कळले नसावे. तिने भाजीत मीठ दोनदा घातले.

दुकानात मालक आणि शिक्केवाला यांचे चालले होते. तुला माहीत आहे, मालकांच्या गल्ल्यावर साहेबांबरोबर काढलेला फोटो आहे.

मालक म्हणाले, “पुरावा काय?”

शिक्केवाला म्हणाला, “बंद खोलीत दोघेच. पुरावा काय भिंत देणार?”

“मग भिंत बोलेपर्यंत थांबा. माणसाने तीस वर्षे नाव कमावले आहे.”

“नाव काय, माझेपण आहे. शटरवर.”

“चेष्टा नको. उद्या एखादी तुझ्यावर बोट दाखवेल, मग कळेल.”

“माझ्यावर दाखवून तिला काय मिळणार, रबरी शिक्का? आणि तुमच्या साहेबांवर दाखवून तरी त्या मुलीला काय मिळाले? पेपरात नावसुद्धा नाही.”

मालक म्हणाले, “एक वाक्य इकडचे तिकडे झाले की मी खोटेच धरतो. माझा साधा नियम आहे.” तुझे सहा कागद त्या वेळी माझ्या खणात होते. खरे म्हणजे मालकांचा नियम मला पटला होता. मजकुरात जिथे विसंगती असते तिथे कुठेतरी चूक असते, हे रोजचे काम आहे माझे.

सुनावणीच्या दिवशी पाणी जवळ ठेव.

तुझा,
वेलांटी


२३ मार्च

प्रिय वेलांटी,

गुरुवारी सुनावणी झाली. चांगली झाली नाही.

लांबट खोली, लांबट टेबल. पलीकडे तिघं, मधे अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश. साहेब नव्हते, त्यांचे वकील होते. अगदी सौम्य माणूस. मला खुर्ची ओढून दिली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, आधी तोंडी सांगा. मी सांगितलं. साहेब आत आले, माईक टोचतोय म्हणाले, मी जवळ गेले. त्यांचा सहायक दाराशी उभा होता. सहायकानं दार बाहेरून ओढून घेतलं आणि लाल दिवा लावला. लाल दिवा लागला की आत रेकॉर्डिंग चालू आहे असं समजून कुणी दार उघडत नाही. त्या दिवशी रेकॉर्डिंग नव्हतंच. मग पुढचं सांगितलं.

त्या वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या निवेदनाचं तिसरं पान काढलं. म्हणाले, “बाई, तुम्ही इथे काय लिहिलंय, मोठ्यानं वाचता का?” मी वाचलं. ‘सहायक दाराशी थांबला होता. साहेब म्हणाले, माईक टोचतो आहे, जरा बघ. त्यांनी दार ओढून घेतले आणि लाल दिवा लावला.’

“त्यांनी म्हणजे कोणी?”

मी म्हटलं, सहायकानं.

“सहायकाला तुम्ही बाकी सगळीकडे ‘तो’ म्हणता. ‘ते’ फक्त साहेबांना. म्हणजे दार साहेबांनी ओढलं आणि दिवा साहेबांनी लावला, बरोबर? मग मला एवढंच सांगा, त्या दिव्याचं बटण कुठे आहे?”

वेलांटी, ते बटण बाहेर आहे. बाहेरच्या भिंतीवर. म्हणजे माझ्याच सहीच्या कागदावर साहेब बाहेर आणि मी आत एकटी. वकील फार काही बोललेच नाहीत. म्हणाले, “तक्रारदाराच्या स्वतःच्या शब्दांवर आमचा भरवसा आहे,” आणि बसले.

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, हे तुमचंच आहे ना? मी म्हटलं, सही माझी आहे.

मी असं का लिहिलं ते मला आठवत नाही. घाबरले असेन. रात्रभर त्या दारापाशी उभी राहून बघते आहे, कुणाचा हात होता. आता मलाच खात्री वाटेनाशी झाली आहे. इतकं स्पष्ट आठवत होतं.

वकीलबाई म्हणाल्या, वीस तारखेपर्यंत काही नवं आलं नाही तर याच मुद्द्यावर तक्रार बंद करतील. नवं कुठून येणार.

ताई


सोमवार, १ एप्रिल. सकाळी आठ दहा. दुकान उघडायचे आहे.

ती. ताईस,

नमस्कार. पत्र मिळाले. उशीर झाला. आईचा गुडगा दुखत होता म्हणून दवाखान्यात गेलो होतो. तूला बरे नसेल तर विश्रांती घे. इकडे विज सारखी जाते, कामे साचली आहेत. बाकी क्षेम.

तुझा,
वेलांटी


४ एप्रिल

वेलांटी,

आठ ओळींचं पत्र आणि त्यात तीन चुका. गुडघ्यात घ असतो. ‘तुला’मधला तु ऱ्हस्व. ‘वीज’ दीर्घ. या तीन मला कळल्या म्हणजे किती मोठ्या असतील बघ.

तू आजारी आहेस, नाहीतर माझ्यापासून काहीतरी लपवतो आहेस. आजारी असशील तर औषध घे. दुसरं असेल तर सांग. मला आता कशानंच धक्का बसत नाही.

ताई


रविवार, ७ एप्रिल. सकाळचे सहा चाळीस. दुकान बंद आहे, मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे असते. टेबलावर तुझे सहा कागद, माझे सहा कागद आणि पट्टी.

ती. ताईस,

तू आठवत होतीस तेच बरोबर होते. दार सहायकाने ओढले असेच तू लिहिले होतेस.

तुझ्या हातच्या तिसऱ्या पानावर, वरून चौदाव्या ओळीत, निळ्या शाईने ‘त्यानं दार ओढून घेतलं’ असे आहे. त्यावर माझी लाल पेन्सिल आहे. ‘न’वरचा अनुस्वार मी खोडला, तो ‘त्या’वर ठेवला आणि ‘न’ला दुसरी वेलांटी दिली. त्यानं, त्यांनी.

का केले ते सांगतो. आधीच्या वाक्यात साहेब बोलत होते, म्हणून पुढचे वाक्यही त्यांचेच असे मी धरले. मग मला वाटले, घाईत तुझा आदर सुटला. एवढ्या मोठ्या माणसाला ‘त्याने’ कसे म्हणायचे, समिती काय म्हणेल, बहिणीला वळण नाही म्हणेल. म्हणून आदर घातला. स्टुडिओ मी पाहिलेला नाही. दिव्याचे बटण आपल्या खोल्यांत असते तसे दाराच्या आत असेल असे डोळ्यापुढे आले. विचारायला हवे होते. विचारले नाही, कारण अर्थ मला कळला आहे असे वाटत होते.

तुझे २३ तारखेचे पत्र वाचले त्याच दिवशी मी खण उघडून बघितले होते. नंतर पंधरा दिवस गप्प बसलो. मालकांना कळले तर नोकरी जाईल, हे एक. दुसरे असे की माझ्याजवळ शिक्षण नाही, पैसा नाही, एक शुद्धलेखन आहे.

आज पहिल्यापासून सगळे मोजले. सहा पानांत मी दोनशे चौदा अनुस्वार काढले, एक हलवला आणि एक घातला. काढलेल्यांनी अर्थ बदलत नाही. हलवला तो वर सांगितला. घातला तो पाचव्या पानावर आहे.

तू साहेबांना सगळीकडे ‘ते’ म्हटले आहेस, छत्तीस वेळा. सहायकाला ‘तो’, सात वेळा. फक्त पाचव्या पानावर, नवव्या ओळीत, साहेबांबद्दल ‘त्याचा हात’ असे आहे. तिथे खोलीत सहायक नाही, म्हणजे साहेबच. मी तिथेही ‘त्यांचा हात’ केले.

मूळ कागद माझ्याजवळ आहेत. पेन्सिल माझी आहे हे मी कुठेही सांगेन. साहेबांनी काय केले ते मला माहीत नाही, मी तिथे नव्हतो. मला दोन अनुस्वारांची माहिती आहे, तेवढी मी शपथेवर देईन.

क्षमा मागायला हवी, पण ती या पत्रात बसत नाही.

वेलांटी


११ एप्रिल

वेलांटी,

पत्र वाचून मी दोन दिवस तुला शिव्या दिल्या. घरमालकीणबाई वर आल्या, म्हणाल्या कुणाशी भांडतेस? म्हटलं, व्याकरणाशी.

माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलं असं समजून मी अठरा दिवस काढले. तुझ्याजवळ कागद होता आणि तू मला वीज जाते म्हणून कळवलंस. हे मी विसरणार आहे की नाही ते आता सांगत नाही.

आता कामाचं. वकीलबाईंशी बोलले. त्या उभ्या राहिल्या खुर्चीतून. बुधवारी १७ तारखेला साडेतीनला तुला समितीपुढे यायचं आहे, मूळ कागद घेऊन. तिथे विचारतील तेवढंच सांग.

आणि एक. वकीलबाईंना मी फक्त तिसऱ्या पानाचं सांगितलं आहे. पाचव्या पानाचं नाही. तू नीट विचार कर. साहेबांना मी एकदा जरी ‘त्याचा’ म्हटलेलं निघालं, तर तो सौम्य माणूस लगेच म्हणेल, मग तिसऱ्या पानावरचा ‘त्यानं’ म्हणजे पण साहेबच कशावरून नाही? सगळं परत तिथेच. तिसरं पान घेऊन ये. बाकीची तुझ्या दुकानात राहू देत. खोटं बोल असं मी म्हणत नाही. न विचारलेलं सांगू नकोस, एवढंच.

एवढं माझ्यासाठी कर. तेवढं तू माझं देणं लागतोस.

ताई


बुधवार, १७ एप्रिल. संध्याकाळचे पाच वाजून पाच मिनिटे. समितीच्या कार्यालयाची पायरी. बस साडेपाचची आहे.

ती. ताईस,

तू बाहेर बाकावर होतीस आणि वकीलबाई तुला लगेच घेऊन गेल्या, म्हणून बोलणे झाले नाही. झाले असते तर मला जमलेही नसते.

मी सहाही पाने दिली.

आत काय झाले ते क्रमाने लिहितो. अध्यक्षबाईंनी विचारले, शिक्षण? म्हटले, नववी. त्या वकिलांनी विचारले, “नववी शिकलेला मुलगा दुसऱ्याचा मजकूर सुधारतो?” मी म्हटले, हो, पानी तीन दराने. तिघांपैकी एकजण हसले. मग मी तिसरे पान दाखवले, पेन्सिल दाखवली, कारण सांगितले. वकील म्हणाले, “तुम्ही तक्रारदाराचे भाऊ. ही खाडाखोड काल रात्री केलेली नाही कशावरून?” मी म्हटले, पाचवे पान बघा.

ते मला कोणी विचारलेले नव्हते. मी सांगितले की इथे माझ्या बहिणीने साहेबांना एकदा ‘त्याचा’ म्हटले आहे आणि तेही मी बदलले आहे. हे तिच्या विरुद्ध जाते हे मला कळते. काल रात्री बसून खाडाखोड करायची असती, तर ही केली नसती.

वकिलांनी तू म्हणाली होतीस तोच प्रश्न विचारला, अगदी त्याच शब्दांत. मी म्हटले, सदतीसात एक अपवाद आहे, तो का आहे हे लिहिणारीच सांगू शकेल, मी फक्त मोजणारा आहे.

ताई, मी रात्री पुष्कळ विचार केला. एक दुरुस्ती दाखवून दुसरी खणात ठेवली असती, तर पुन्हा मीच ठरवले असते की तुझ्या कागदातले काय लोकांना दिसावे आणि काय दिसू नये. ते मी एकदा केले आहे.

त्यांनी कागद ठेवून घेतले. तुला पुन्हा बोलावतील. काय विचारतील ते तुला माहीत आहे.

बस आली.

वेलांटी


२ मे

वेलांटी,

सतरा तारखेला वकीलबाई रिक्षात म्हणाल्या, “तुमचा भाऊ आपल्या बाजूचा आहे की नाही?” मी म्हटलं, तो कागदाच्या बाजूचा आहे. लहानपणापासून. मनात तुला आणखी बरंच म्हटलं, ते राहू दे.

परवा मला बोलावलं. टेबलावर माझे हाताचे सहा कागद. लिहिल्यापासून मी ते पहिल्यांदा बघितले. अध्यक्षबाईंनी पाचवं पान माझ्याकडे फिरवलं, नवव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “सगळीकडे ‘ते’ आणि इथेच ‘त्याचा’. का?”

उत्तर तयार केलेलं नव्हतं. मी म्हटलं, त्या ओळीला मला ‘त्यांचा’ लिहिता आलं नाही.

मग तो सौम्य माणूस म्हणाला, “पण बाई, हे सगळं घडल्यावर लिहिलेला कागद आहे. तुमच्यावर खरंच असा प्रसंग आला असता, तर बाकी छत्तीस ठिकाणी तरी आदर कसा राहिला?”

मी म्हटलं, सवयीनं. अकरा वर्षं त्यांच्या कॉलरला माईक लावलाय मी. आत्ताही ‘त्यांच्या’च म्हणाले, ऐकलंत ना? आणि वकीलसाहेब, तुम्ही मला मघापासून ‘बाई’ म्हणताय आणि सहायकाला ‘तो’ म्हणताय. तुम्ही ठरवून म्हणताय का?

अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं. लिहिणाऱ्या कारकुनाला म्हणाल्या, “जसं बोलल्या तसंच लिहा. ‘केलं’चं ‘केले’ करू नका.” तेव्हा मला तुझी आठवण झाली आणि हसू आलं. पहिल्यांदाच त्या खोलीत.

निर्णय असा. तिसऱ्या पानावरची विसंगती टाइप करणाऱ्याची, तक्रारदाराची नाही. त्या मुद्द्यावर तक्रार बंद होत नाही. सहायकाला पुन्हा बोलावलं आहे. दिवा बाहेरून लागतो, मग तो लावला कुणी, हे आता त्याला सांगावं लागेल. अध्यक्षबाईंनी हेही सांगितलं, की यावरून साहेब दोषी ठरत नाहीत, फक्त माझं म्हणणं ऐकण्याजोगं ठरतं. पुढे महिने लागतील. काय होईल माहीत नाही. पण दाराशी कुणाचा हात होता ते मला परत दिसायला लागलं आहे.

पाचवं पान तू दिलं नसतंस तर मला तो प्रश्न कुणी विचारलाच नसता. याचा अर्थ तू बरोबर होतास असा होत नाही. तू मला विचारायला हवं होतंस. दोन्ही वेळा.

तुझा खर्च किती झाला ते लिही. मी देणार आहे. बाकी क्षेम असं लिहू नकोस.

ताई


रविवार, ५ मे. सकाळचे सात पंचवीस. आई मागे रेडिओशी खुडबुड करते आहे.

ती. ताईस,

नमस्कार. दोन्ही वेळा विचारायला हवे होते, हे मान्य. तिसरी वेळ येणार नाही.

मालकांना मी स्वतःच सांगितले. दुकानाच्या नियमाविरुद्ध कागद बाहेर नेले म्हणून तीन दिवसांचा पगार कापला. नोकरी आहे. म्हणाले, “पंडित झालास, आता तीन दिवस बिनपगारी पंडित.” दरफलकावरची ‘शुद्धलेखन तपासणी’ ही ओळ त्यांनी पांढऱ्या रंगाने पुसली. शिक्केवाल्याकडून ‘मूळ मजकुराबरहुकूम’ असा शिक्का करून घेतला आहे, तो आता प्रत्येक कागदावर मारायचा. गल्ल्यावरचा फोटो अजून आहे. मालक म्हणाले, निकाल लागेपर्यंत राहील. मी म्हटले, ठीक.

आईला मी तुझे परवाचे पत्र वाचून दाखवले. ती ‘त्या ओळीला’ इथे थांब म्हणाली. पुन्हा वाच म्हणाली. तिने कार्यक्रम बंद केलेला नाही, पण आज आवाज इतका लहान आहे की मला शब्द लागत नाहीत.

तू मागितलास म्हणून हिशेब.

बस, जाऊन-येऊन: अठ्ठेचाळीस.
कागदांच्या प्रमाणित प्रती, सहा पाने: तीस.
पाकिटे आणि तिकिटे, सहा पत्रांची: अठरा.
पगारकपात, तीन दिवस: बाराशे.
एकूण खर्च: बाराशे शहाण्णव. तो माझा. तुझ्याकडून येणे नाही.

तुझ्याकडून घेतलेले: टाइपिंग, सहा पाने, पानी दहा, साठ. ते दुकानात जमा आहेत.
शुद्धलेखन तपासणी, सहा पाने, पानी तीन: अठरा. हे मी देणे लागतो. पाकिटात घातले आहेत, मोजून घे.

वेलांटी